पणजोबांच्या ट्रंकेतली चामडी टोपी, गॉगल आणि घड्याळ: अमेलिया इअरहार्टचं की नाही, कसं तपासायचं?

ट्रंकवाली

पणजोबांच्या लोखंडी ट्रंकेत तीन वस्तू एकाच फडक्यात गुंडाळलेल्या मिळाल्या आहेत. १९३७ मध्ये अमेरिकन वैमानिक अमेलिया इअरहार्ट विमानाने जगप्रदक्षिणा करताना कराचीला उतरली तेव्हा तिने त्या पणजोबांना दिल्या, असं घरात सांगतात. पणजोबा १९३१ ते १९४७ कराचीत 'विमानतळावर स्टोअरमध्ये' नोकरीला होते.

वस्तू अशा:

१) तपकिरी चामड्याची वैमानिकाची टोपी. आतून मऊ पिवळसर चामड्याचं अस्तर. दोन्ही कानांवर धातूच्या बुटक्या नळ्या बाहेर आल्या आहेत. मानेकडच्या भागात आतून शाईची दोन पुसट रोमन अक्षरं आहेत. पहिलं 'ए' स्पष्ट आहे, दुसरं 'ई' वाटतं. दोन्हींच्या मध्ये एक डाग.

२) गॉगल. दोन वेगळ्या काचा, कडांना तपकिरी झाल्यात आणि आत बुडबुडे दिसतात. पट्टा कडक झालाय.

३) लाँजिन्सचं मनगटी घड्याळ, बंद. पाठीवर रोमन अक्षरांत 'ए. ई. कराची १९३७' असं कोरलंय. आकडे अंधारात चमकत नाहीत.

टोपीवरची अक्षरं आणि घड्याळावरची अक्षरं जुळतात, त्यामुळे घरचे निश्चिंत आहेत. मला मात्र कुणाला दाखवण्याआधी स्वतः काय तपासता येईल ते हवंय. टोपी कोरडी पडलीय, तिला तेल लावू का?

तिरपा_उजेड

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: तेल, पॉलिश, ओलं फडकं, काहीही लावू नका. तेल अस्तरात उतरलं की पुसट शाई कायमची जाते आणि नंतर अतिनील दिव्याखाली सगळीकडे तेलच चमकत राहतं. पट्टाही ताणून बघू नका. बाकी सविस्तर लिहितो.

नोंदवही

वस्तूंना हात लावण्याआधी गोष्ट तपासा. ते फुकट आहे आणि निम्मे दावे तिथेच गळतात.

तारखा पक्क्या आहेत. इअरहार्ट १५ जून १९३७ ला तांबड्या समुद्रावरच्या असबहून एका दमात कराचीला आली आणि १७ जूनला कलकत्त्याच्या डमडमकडे निघाली. बरोबर दिशादर्शक फ्रेड नूनन. पुढे २ जुलैला न्यू गिनीतल्या ले इथून उडाल्यावर दोघं बेपत्ता झाली. म्हणजे तुमच्या दाव्याला जेमतेम दोन दिवसांची खिडकी आहे. त्या दोन दिवसांत पणजोबा विमानाजवळ जाऊ शकतील अशा जागी कामाला होते का, हा पहिला प्रश्न.

'विमानतळावर' हा शब्द इथे फार ढिला आहे. कराचीत तेव्हा इंपीरियल एअरवेज होती (लंडन–कराची सेवा मार्च १९२९ पासून), ड्रिग रोडला रॉयल एअर फोर्सचा मोठा डेपो होता, फ्लाइंग क्लब होता आणि ऑक्टोबर १९३२ पासून टाटांची टपालसेवा होती. प्रत्येकाचं भांडार वेगळं. पणजोबांचा मालक नेमका कोण, हे घरातल्या आठवणीवरून ठरवू नका. सर्व्हिस बुक, पेन्शनचा कागद, भविष्यनिर्वाह निधीची पावती, नोकरी सोडतानाचं प्रमाणपत्र, १९४७ नंतर निर्वासित म्हणून भरलेला दाव्याचा अर्ज, यांतलं एक तरी शोधा. अशा अर्जांत नोकरीचा तपशील सापडण्याची शक्यता असते आणि लोक नेमके तेच कागद बघत नाहीत.

आता दाव्यातली सर्वांत मोठी अडचण. १९३७ चं तिचं विमान लॉकहीड इलेक्ट्रा १०-ई, दोन इंजिनांचं, बंद केबिनचं. चामडी टोपी आणि गॉगल हा उघड्या कॉकपिटचा पोशाख. वारा, थंडी आणि इंजिनातून उडणारं तेल यांच्यासाठी तो असतो. या प्रदक्षिणेतल्या फोटोंत ती बहुतेक ठिकाणी चौकड्यांचा शर्ट आणि पँट अशा वेषात, उघड्या डोक्याने दिसते. शिवाय मार्चमध्ये होनोलुलूच्या ल्यूक फील्डवर पहिला प्रयत्न अपघातात संपला, तेव्हा लष्कराने विमानातल्या सामानाची यादी केली होती. ती आज उपलब्ध आहे. ती जूनच्या फेरीची नाही, पण विमानात कशा प्रकारचं सामान होतं याचा अंदाज तिच्यावरून येतो. ती वाचा आणि टोपी-गॉगलसारखं काही दिसतं का बघा.

पण एक लक्षात घ्या. युरोपातून ऑस्ट्रेलियाकडे जाणारे बहुतेक वैमानिक तेव्हा कराचीवरूनच जायचे. ब्रिटिश वैमानिक एमी जॉन्सन १० मे १९३० ला कराचीला उतरली, तीही उघड्या जिप्सी मॉथमधून. न्यूझीलंडची वैमानिक जीन बॅटन १९३३ मध्ये तिच्या पहिल्या प्रयत्नात इंजिन बिघडून कराचीजवळच अडकली. तिचंही मॉथच. (जेआरडी टाटांचं १५ ऑक्टोबर १९३२ चं कराची–मुंबई उड्डाण पस मॉथमधलं, ते विमान बंद केबिनचं. मॉथ म्हटलं की उघडं असं धरू नका.) घरगुती गोष्टींत मोठं नाव लहान नावाला गिळतं. 'एक मेमसाहेब विमान घेऊन आली होती' ही खरी आठवण, आणि तिला अमेलियाचं नाव कुणीतरी नंतर वर्तमानपत्र वाचून चिकटवलं, असं सहज होऊ शकतं. एमी १९३० ची असल्याने तुमच्या पणजोबांच्या नोकरीत बसत नाही; बॅटन बसते.

म्हणून घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्याला वेगवेगळं बसवून विचारा, एकत्र नको. 'अमेलिया' हे नाव तुमच्या तोंडून येऊ देऊ नका. 'ट्रंकेतल्या टोपीबद्दल काय ऐकलंय?' एवढंच विचारा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. टिपून घ्यायच्या गोष्टी अशा: हे कुणाकडून ऐकलं, साधारण कुठल्या साली, तेव्हा नाव काय सांगितलं होतं, 'दिली' की 'राहून गेली' की 'विकत घेतली', आणि तिन्ही वस्तूंचा उल्लेख होता की एकीचाच. एका शाखेत बाई आणि दुसऱ्या शाखेत साहेब निघाला, तर गोष्ट कुठे वळली ते कळतं. सगळ्यांत जुना *लिखित* उल्लेख सापडला, म्हणजे एखादं पत्र, रोजनिशी किंवा फोटोमागची ओळ, तर तो सोन्यासारखा. १९६० च्या पत्रातली एक ओळ आजच्या दहा प्रतिज्ञापत्रांना भारी पडते.

आणि तीन वस्तू एका फडक्यात होत्या म्हणून त्यांचा मालक एक, हे गृहीत धरू नका. फडकं कुणी बांधलं तेच माहीत नाही. प्रत्येक वस्तूची चौकशी स्वतंत्र करा.

तिरपा_उजेड

टोपी आणि गॉगलबद्दल. वस्तू कुणाची हे वस्तू स्वतः क्वचितच सांगते, पण ती कुणाची *असूच शकत नाही* हे ती फार ठामपणे सांगते. त्यामुळे दावा मोडायचा प्रयत्न करत पुढे जा.

आधी फोटो. हातात नायट्राइलचे हातमोजे, खाली पांढरा कागद, बाजूला सेंटिमीटरची पट्टी. समोर, मागे, दोन्ही बाजू, आतलं अस्तर, प्रत्येक बक्कल, प्रत्येक टिचबटण, प्रत्येक शिक्का. मग खोलीत अंधार करून टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा आणि तेच फोटो पुन्हा घ्या. तिरप्या उजेडात दाबून उठवलेले आकडे, खोडलेली नावं आणि उसवून पुन्हा घातलेली शिवण दिसते. टोपी उलटी करू नका. जुनं चामडं घडीवर फुटतं. आत बघायला छोटा आरसा वापरा.

कानांवरच्या नळ्या महत्त्वाच्या आहेत. त्या गॉस्पोर्ट ट्यूब जोडण्यासाठीच्या दिसतात. दोन आसनांच्या विमानात शिक्षक रबरी नळीच्या तोंडात बोलतो आणि शिकाऊ वैमानिकाला कानात ऐकू येतं, विजेशिवाय. एकट्याने समुद्र ओलांडणाऱ्याला तिचा काही उपयोग नाही. त्या नळ्या बघून मनात पहिलं येतं ते फ्लाइंग क्लब किंवा हवाई दल. एखाद्या नामवंत वैमानिकाने शिकताना वापरलेली टोपी पुढे ठेवली असेल, अशक्य नाही, पण पारडं क्लब-डेपोकडे झुकतं.

आता ती दोन अक्षरं. 'ए', मग डाग, मग पुसट अक्षर. दुसरं अक्षर 'ई' नसून 'एम' असेल आणि मधला डाग मुकुट असेल, तर तो एअर मिनिस्ट्रीचा, म्हणजे ब्रिटिश हवाई मंत्रालयाचा, मालमत्तेचा शिक्का आहे. मुकुटाच्या दोन बाजूंना ए आणि एम. त्याच्या जवळ '२२सी' ने सुरू होणारा क्रमांक शोधा, वैमानिकांच्या कपड्यांना भांडारात तो गट होता. मुकुटाच्या आकारावरूनही काळ कळतो: वरच्या कमानी गोल फुगीर असतील तर राजाच्या काळचा, वर मधोमध खाली दबलेल्या असतील तर १९५२ नंतर राणीच्या काळात बदललेला.

शाई वाचायला ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च घ्या. ३९५ चा जांभळा टॉर्च स्वस्त असतो, पण त्याचा दृश्य उजेडच इतका पडतो की फरक दिसत नाही. डोळ्याला अतिनील चष्मा, खोली पूर्ण काळोखी, कॅमेरा स्टँडवर, एक्स्पोजर हाताने ठरवून. जुनी लोह-टॅनिनची लिहिण्याची शाई डोळ्याला फिकी दिसली तरी अतिनील उजेडात गडद उठते. शिक्क्याची शाई काजळीची असेल तर ती अवरक्त फोटोत टिकते, तिथे लोह-टॅनिनची शाई उलट नाहीशी होते. म्हणून दोन्ही फोटो घेतले तर नुसतं काय लिहिलंय तेच नव्हे, कशाने लिहिलंय तेही कळतं. हाताने लिहिलेलं नाव आणि छापलेला शिक्का हा फरक तुमच्या प्रकरणात निर्णायक आहे.

त्याच टॉर्चने शिवणीचा दोरा बघा. निळसर पांढरा लख्ख चमकला तर त्यात चमक आणणारी रसायनं आहेत. ती दोऱ्याकापडात दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास आली. पण एकाच जागी चमकला आणि बाकी शिवण मंद राहिली, तर ती फक्त दुरुस्ती. दोन मिलिमीटरचं सुटं टोक मिळालं तर वस्तूपासून दूर नेऊन चिमट्यात धरून पेटवा: सुती दोरा कागदासारखा जळून राख होते, रेशमाला केस जळल्याचा वास येतो, नायलॉन किंवा पॉलिस्टर वितळून कडक मणी बनतो. नायलॉनची घोषणाच ऑक्टोबर १९३८ मधली, त्यामुळे मूळ शिवणीत मणी बनला तर १९३७ चा विषय तिथेच मिटला.

लेबल किंवा शिक्का अमेरिकन निघाला तर 'एएन-एच-१५' किंवा 'ए-११' अशी अक्षरं शोधा. ती महायुद्धाच्या काळातल्या अमेरिकी लष्करी टोप्यांची नावं आहेत, इअरहार्ट गेल्यानंतरची. बाजारात 'अमेलिया पद्धतीची' म्हणून फिरणाऱ्या टोप्यांत याच जास्त असतात.

गॉगलच्या कडा तपकिरी आणि आत बुडबुडे, याचा अर्थ काच दोन थरांची आहे आणि मधला पडदा सेल्युलॉइडसारखा आहे. तो हवा-ओलाव्याने कडेकडून सडत आत येतो. हे काळाशी जुळतं. नंतरचे प्लास्टिकचे पडदे असे पिवळे पडत नाहीत. चौकटीवर पेटंट क्रमांक असेल तर तोच सर्वांत सोपा पुरावा. अमेरिकन पेटंट २०,००,००० हे ३० एप्रिल १९३५ ला दिलं गेलं, म्हणजे त्याहून मोठा क्रमांक असेल तर वस्तू त्यानंतरचीच. ब्रिटिश क्रमांक १९१६ मध्ये १,००,००१ पासून नव्याने सुरू झाले, त्यामुळे कुठल्या देशाचा ते आधी ठरवा. क्रमांक पेटंटच्या मोफत संकेतस्थळावर टाकला की चित्रासकट कागद उघडतो. पट्टा बदललेला असणं अगदी सामान्य आहे, त्यावरून काही ठरवू नका.

डीएनए कुणीतरी सुचवेलच, म्हणून आत्ताच: नको. अस्तरातल्या मुळाशिवाय तुटलेल्या केसातून बहुधा फक्त आईकडून येणारा डीएनए मिळतो. जुळवायला तिच्या मातृवंशातल्या नातलगाचा नमुना लागतो, आणि तीन पिढ्यांच्या मुलांनी ती टोपी घालून फोटो काढलेले असतात. फक्त अस्तर झाडू नका, आहे तसं ठेवा.

काटेकोर

घड्याळ उघडू नका आणि काच फुटलेली असेल तर हलवूही नका. त्या काळात चमकणाऱ्या आकड्यांना रेडियमचा रंग असायचा. रेडियम-२२६ चं अर्धायुष्य साधारण १६०० वर्षं. चमक गेली ती त्यात मिसळलेलं झिंक सल्फाइड थकलं म्हणून. किरणोत्सर्ग जवळजवळ पहिल्याइतकाच आहे. बंद घड्याळ कपाटात ठेवण्याने काही बिघडत नाही. धोका असतो तो रंगाची भुकटी नाकातोंडात जाण्याचा. म्हणून झिपच्या पिशवीत ठेवा, उशाशी नको, आणि ज्याला रेडियमचं काम कळतं अशाच घड्याळजीकडे द्या. 'डायल साफ करून देतो' म्हणणाऱ्याकडे बिलकुल नको.

डायलच्या तळाशी 'स्विस' शब्दाच्या आजूबाजूला 'टी' अक्षर आहे का बघा. असेल तर रंग ट्रिटियमचा, म्हणजे १९६० नंतरचं डायल. घड्याळ जुनं आणि डायल बदललेलं असंही निघतं.

घड्याळजीकडून हवेत तीन आकडे: यंत्रावरचा अनुक्रमांक, यंत्राचा कॅलिबर (म्हणजे यंत्राच्या प्रकाराचा क्रमांक) आणि कवचाच्या आतल्या बाजूचा क्रमांक. प्रत्येकाचा फोटो. लाँजिन्सकडे १८६७ पासूनच्या हस्तलिखित नोंदवह्या आहेत. स्वित्झर्लंडमधल्या सेंट-इमिएला, त्यांच्या मुख्यालयात, क्रमांक कळवला की कुठलं घड्याळ कधी आणि कोणत्या विक्रेत्याला पाठवलं, याचा उतारा मिळू शकतो. लोकांची निराशा इथे होते: त्यात असतं ते विक्रेत्याचं नाव, गिऱ्हाइकाचं क्वचितच. तरी तुमच्यासाठी ते मोलाचं आहे. अमेरिकेत लाँजिन्सचा माल विटनॉअर या एजंट कंपनीमार्फत जायचा. उताऱ्यात विटनॉअर आलं तर दावा जिवंत राहतो. घड्याळ हिंदुस्थानातल्या एखाद्या व्यापाऱ्याला गेलं असेल तर ते अमेलियाने अमेरिकेहून आणलं असणं कठीण. पाठवल्याची तारीख जून १९३७ नंतरची निघाली तर दावा तिथेच संपला.

अवांतर: 'लाँजिन्स आणि वैमानिक' म्हटलं की लोक लिंडबर्गच्या १९३१ च्या अवर अँगल घड्याळाचं नाव घेतात. ते ४७.५ मिलिमीटरचं धूड आहे. तुमचं मनगटी नेहमीच्या आकाराचं असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

आता कोरीव अक्षरं. २० पट भिंग, तिरपा उजेड, आणि एकच प्रश्न: जुने ओरखडे कोरीव रेघेच्या *वरून* जातात की रेघ ओरखड्यांना कापते? खरंच १९३७ मध्ये कोरलेलं आणि पुढे वापरलेलं घड्याळ असेल तर रेघांच्या कडा झिजून गुळगुळीत होतात, ओरखडे त्यांच्या काठावरून पलीकडे गेलेले दिसतात आणि खाचेत मळ घट्ट बसलेला असतो. रेघ ओरखड्यांना स्वच्छ कापत असेल आणि कडेला धातूची बारीक कुस उभी असेल, तर कोरणी झीज झाल्यानंतरची. याने कुणी फसवलं असं सिद्ध होत नाही. घरातल्याच कुणी आठवण राहावी म्हणून नंतर कोरून घेणं फार सर्रास आहे. आणि विचार करा, वापरणारी स्वतः आपल्या घड्याळावर 'कराची १९३७' कशाला कोरेल? दोन दिवसांच्या मुक्कामात तर नाहीच. ही भाषा मिळालेल्याची आहे, देणाऱ्याची नव्हे.

कुंपणावरचा

लिलावात अमेलियाची टोपी गेली होती ना काही वर्षांपूर्वी? तीही घरगुती गोष्टीवरच गेली असं वाचल्यासारखं वाटतंय.

नोंदवही

@कुंपणावरचा, २०२२ मधलं ते प्रकरण. ८,२५,००० डॉलर. गोष्ट घरगुतीच होती, टोपी १९२९ च्या क्लीव्हलंडच्या विमानशर्यतीच्या वेळची, पण निव्वळ गोष्टीवर ती गेली नाही. १९२८ च्या अटलांटिक उड्डाणाच्या वेळच्या फोटोंशी ती टोपी जुळवून दाखवली, तेव्हा तिला किंमत आली.

त्या जुळवणीबद्दल थोडं, कारण पुढेमागे प्रत्येकजण इथेच घसरतो. 'तशीच टोपी फोटोत आहे' याला काही अर्थ नाही, कारखान्यातून तशा शेकडो निघाल्या. लागतात त्या एकमेव खुणा: चामड्याच्या नैसर्गिक सुरकुत्या नि व्रण शिवणीला नेमके कुठे भेटतात, कुठला टाका चुकलाय, बक्कलचं कुठलं भोक ओढलं गेलंय. वर्तमानपत्रात छापलेला फोटो निरुपयोगी, कारण तो ठिपक्यांचा असतो आणि मोठा केला की ठिपकेच मोठे होतात. मूळ प्रिंट किंवा निगेटिव्हचं स्कॅन मागवावं लागतं. निगेटिव्ह उलटी छापलेली असू शकते, तेव्हा विमानावरची नोंदणीची अक्षरं सरळ वाचता येतात का ते आधी बघा, नाहीतर डाव्या कानाशी उजवा कान जुळवत बसाल. आणि जुळणाऱ्या खुणा मोजताना *न जुळणाऱ्याही* लिहा. नंतर पडलेला ओरखडा फोटोत नसणं चालतं. फोटोत असलेला व्रण वस्तूवर नसणं चालत नाही.

फोटो आणि कागद कुठे: इअरहार्टचा मोठा संग्रह पर्ड्यू विद्यापीठात आहे आणि बराचसा ऑनलाइन पाहता येतो, दुसरा हार्वर्डच्या श्लेसिंगर ग्रंथालयात. एमी जॉन्सनसाठी ब्रिडलिंग्टनचं सूअरबी हॉल. ऑस्ट्रेलियाचं ट्रोव्ह आणि न्यूझीलंडचं पेपर्स पास्ट ही दोन्ही वृत्तपत्रांची मोफत भांडारं, आणि कराचीहून गेलेल्या तारा त्यांत छापलेल्या सापडतात. कराचीची स्थानिक बातमी 'सिंध ऑब्झर्व्हर' किंवा 'डेली गॅझेट' मध्ये शोधायची, त्यासाठी ब्रिटिश लायब्ररीत विचारावं लागेल. सरकारी फायलींसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ. फ्लाइंग क्लबाचा धागा लागलाच तर रॉयल एरो क्लबची परवान्यांची कार्डं बघा, त्यांवर फोटो असतात.

संग्रहालयाला 'ही वस्तू तिची आहे का?' असं विचारू नका. ती संस्था खरेपणाची हमी किंवा किंमत देत नाही आणि साचेबंद उत्तर येईल. प्रश्न अरुंद ठेवा: 'अमुक तारखांमधले, टोपीची डावी बाजू दिसणारे फोटो तुमच्याकडे आहेत का?' एक पान, सहा फोटो, मापं. याला उत्तर येतं.

ट्रंकवाली

सगळ्यांचे आभार. दोन आठवड्यांत एवढं झालं:

टोपी: ३६५ च्या टॉर्चखाली मधला डाग मुकुट निघाला, कमानी गोल फुगीर. दुसरं अक्षर एम. खाली '२२' आणि पुढचं अर्धवट. हाताने लिहिलेलं काही नाही. दोरा कुठेच चमकत नाही.

गॉगल: पेटंट क्रमांक नाही, नाकाच्या पुलावर फक्त एक छोटा बाण उठवलाय.

घड्याळ: कोरीव रेघा ओरखड्यांना कापतात, अगदी स्पष्ट. 'टी' नाही. घड्याळजीने अनुक्रमांक काढून दिला, लाँजिन्सला पाठवलाय.

गोष्ट: आजोबांच्या धाकट्या बहिणीने 'एक गोरी बाई विमानातून आली होती, बाबा बघायला गेले होते' इतकंच सांगितलं. वस्तू तिने दिल्या, हे तिला ठाऊक नाही. 'अमेलिया' हे नाव काकांनी घातलेलं दिसतं, आणि घड्याळ १९७० च्या सुमारास त्यांनीच दुरुस्तीला दिलं होतं.

तिरपा_उजेड

मग टोपी हवाई दलाच्या भांडाराची, १९५२ आधीची, गॉस्पोर्ट नळ्यांची. गॉगलवरचा बाण तीन टोकांचा, कावळ्याच्या पावलासारखा असेल तर तोही ब्रिटिश सरकारी मालाचाच शिक्का. तसं असेल तर दोन्ही वस्तू ब्रिटिश सरकारी मालकीच्या, आणि पणजोबा स्टोअरमध्ये. इअरहार्टचा यात कुठे संबंध लावावा असं काही उरत नाही.

ठेवायचं कसं: आम्लरहित कागदाचे बोळे करून टोपी आतून भरा म्हणजे घडी पडणार नाही. कागद 'बफर केलेला' नको, त्यातला क्षार चामड्याला मारक. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के. प्लास्टिकच्या बंद डब्यात नको. चामड्यातून तांबूस भुकटी सुटत असेल तर ते थांबवणं घरी जमत नाही, संवर्धकाला दाखवा. गॉगल टोपीपासून वेगळे ठेवा. सडणाऱ्या सेल्युलॉइडमधून आम्लाची वाफ येते, ती शेजारच्या चामड्याला आणि घड्याळाच्या धातूला खाते.

नोंदवही

आत्याआजींचं वाक्य मात्र सोडू नका. 'बघायला गेले होते' हे १५ ते १७ जून १९३७ शी नीट बसू शकतं. पणजोबांनी तिला पाहिलं असेल आणि टोपी स्टोअरमधून घरी आली असेल. दोन खऱ्या गोष्टी एका फडक्यात बांधल्या गेल्या. आता शोधायचा आहे तो ड्रिग रोड डेपोच्या नोकरीचा कागद. तो मिळाला तर डेपोतल्या भारतीय भांडारी कर्मचाऱ्याकडची, नोकरीच्या कागदासकट जपलेली टोपी म्हणून ती संग्रहालयाला दाखवण्याजोगी आहे.

विकायचा विचार आलाच तर 'इअरहार्टची म्हणून सांगितली जाणारी' असा शब्दही जाहिरातीत नको, तुम्हाला आता वस्तुस्थिती माहीत आहे. आणि देशाबाहेर पाठवायची असेल तर लक्षात असू द्या की १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात १०० वर्षांची मर्यादा आहे. १९३० च्या दशकातल्या वस्तू लवकरच त्या रेषेला टेकतील.

काटेकोर

लाँजिन्सचा उतारा आला की इथे टाका. कोरीव काम नंतरचं ठरलं तरी घड्याळ कुठल्या व्यापाऱ्याकडे गेलं होतं ते कळायला हवं. आणि काकांना विचारा, दुरुस्तीची पावती ठेवलीय का. १९७० च्या पावतीवर 'अक्षरं कोरणे' असं लिहिलेलं असेल तर भिंगाचीही गरज नाही.

ट्रंकवाली

पावती नाही. पण काका म्हणाले, 'कोरून मीच घेतलं होतं, अण्णांच्या पंचाहत्तरीला.' रेकॉर्ड केलंय. लाँजिन्सचं उत्तर आलं की टाकते.